सर, बाई आणि हिरवा रकाना

वाचकाचे पत्र, थोडक्यात (नाव, कंपनी आणि ओळख पटेल असे तपशील वगळून): नागपूरच्या मिहान प्रकल्पातील एका मोठ्या तंत्रज्ञान कंपनीत डिलिव्हरी मॅनेजर असलेले ४१ वर्षांचे एक वाचक लिहितात की, वडिलांच्या आजारपणामुळे ते सहा वर्षांपूर्वी पुण्याहून नागपूरला परतले. ही बदली ज्यांनी करवून दिली ते त्यांचे जुने 'सर' कंपनीच्या जुन्या, आजही पैसा मिळवून देणाऱ्या उत्पादनाचे प्रमुख आहेत. दोन वर्षांपूर्वी कंपनीने नव्या प्लॅटफॉर्मसाठी बाहेरून एक नव्या प्रमुख आणल्या. जुन्या उत्पादनाचे सर्व १४० ग्राहक अकरा महिन्यांत, म्हणजे येत्या मार्चअखेर, नव्या प्लॅटफॉर्मवर हलवायचे असे ठरले आणि जुन्या उत्पादनाची बरीचशी माणसे काढून नव्याकडे देण्यात आली. पाच महिन्यांत २२ ग्राहक हलले आहेत, आणि दुर्लक्षाला कंटाळलेले दोन मोठे ग्राहक सोडून जाण्याच्या बेतात आहेत; कंपनी चुकते आहे, असे ते ठामपणे म्हणतात. सर रात्री फोन करून 'तिकडे काय चालले आहे' ते विचारतात, तर नव्या प्रमुखांनी 'जुनी मंडळी कुठे अडवतात' याची गोपनीय टिपणे मागितली आहेत. दर गुरुवारच्या स्टेटस कॉलमध्ये आपल्या कामाचा रकाना आपण आजवर हिरवाच, म्हणजे सारे सुरळीत असल्याचा, दाखवत आलो, असेही त्यांनी लिहिले आहे. पुण्याच्या एका कंपनीचा प्रस्ताव हातात आहे, त्यावर २० तारखेपर्यंत उत्तर द्यायचे आहे, आणि पत्नीचे मत 'घेऊन टाका' असे आहे. त्यांचा प्रश्न: मी कोणाची बाजू घेऊ, की सगळे सोडून निघून जाऊ?

तुमचे पत्र तीन पानांचे आहे. त्यातली जवळजवळ दोन पाने सर आणि नव्या बाई यांच्यातील वितुष्टाला गेली आहेत, उरलेले बहुतेक पान पुण्याच्या प्रस्तावाला, आणि पाच महिने हिरवा रकाना भरत आल्याबद्दल फक्त एक वाक्य आहे, तेही कंसात. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी देईनच. परंतु सुरुवात त्या कंसापासून करते, कारण तुमची झोप उडाली आहे ती भांडणामुळे कमी आणि त्या कंसामुळे जास्त, असे मला पत्र वाचताना सारखे वाटत राहिले.

या जगाची सवय नसलेल्या वाचकांसाठी सांगते की, मोठ्या कंपन्यांत प्रत्येक कामाच्या प्रगतीचा तक्ता दर आठवड्याला भरला जातो. काम सुरळीत असेल तर रकाना हिरवा, काळजीचे असेल तर पिवळा आणि अडले असेल तर लाल. बाहेरून हिरवे आणि आतून लाल असलेल्या कामाला या धंद्यात कलिंगड म्हणतात, आणि हा शब्द हसतहसत उच्चारला जातो, यावरूनच तो प्रकार किती सर्रास आहे ते कळावे. तुम्ही खोटारडे आहात असे मला अजिबात वाटत नाही. पहिल्या महिन्यात 'पुढच्या महिन्यात भरून काढू' असे तुम्हाला खरोखरच वाटले असेल. दुसऱ्या महिन्यात शेजारच्या टीमनेही हिरवेच दाखवले, मग आपण एकट्यानेच पिवळे दाखवून कशाला डोळ्यांवर यायचे, असे वाटले असेल. पाचव्या महिन्यापर्यंत मात्र अडचणीचे रूप बदलते. काम मागे पडले आहे हे सांगणे तितकेसे कठीण उरत नाही. इतके दिवस ते का सांगितले नाही, याचे उत्तर देणे कठीण होऊन बसते. मग माणूस आणखी एक आठवडा ढकलतो.

नोकियाचे उदाहरण इतके वापरून झाले आहे की ते द्यायला संकोच वाटतो, पण लोक त्यातला नेमका चुकीचा भाग सांगतात. २००७ साली आयफोन आला तेव्हा नोकिया झोपली होती, असा तो किस्सा रंगतो. इन्सिआद ही व्यवस्थापन संस्था आणि फिनलंडमधील आल्टो विद्यापीठ येथील दोन संशोधकांनी नोकियातील वरिष्ठ, मधल्या फळीतील व्यवस्थापक, अभियंते आणि बाहेरचे जाणकार अशा ७६ जणांशी बोलून २००५ ते २०१० या काळाचा अभ्यास केला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यातून दिसणारे चित्र फार निराळे आहे. वरचे लोक झोपलेले नव्हते, त्यांना प्रतिस्पर्ध्यांची आणि भागधारकांची चांगलीच धास्ती होती. मधल्या फळीला मात्र धास्ती होती ती या वरच्या लोकांची. वरून घाई होत होती आणि खालून 'होईल' असे उत्तर जात होते. सिंबियन ही फोन चालवणारी जुनी प्रणाली नव्या पिढीच्या फोनला पुरी पडत नाही, हे ज्यांना रोजच्या कामात दिसत होते त्यांच्याकडून वर पोहोचणारी माहिती गाळून आणि गोड करून पोहोचत होती, आणि 'होईल' ऐकल्यामुळे वरची मंडळी आणखी मोठी आश्वासने बाजाराला देत होती. सप्टेंबर २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोनचा व्यवसाय पेटंटांच्या परवान्यांसह ५४४ कोटी युरोंना घेण्याचे जाहीर केले आणि जुलै २०१५ मध्ये त्या व्यवहारापोटी ७६० कोटी डॉलर बुडीत खात्यात टाकले. इतक्या मोठ्या आकड्यांच्या तळाशी अनेक ठिकाणचे अनेक हिरवे रकाने होते, आणि ते भरणारी माणसे तुमच्यासारखीच कष्टाळू, कुटुंबवत्सल आणि वरिष्ठांचा मान राखणारी होती.

आता भांडणाकडे येते. पत्रात 'अहंकार' हा शब्द सात वेळा आला आहे; मी मोजला. दोन मोठ्या माणसांचे पटत नाही म्हणजे अहंकार आडवा येत असणार, असे आपण सहज गृहीत धरतो, आणि असे गृहीत धरले की मग 'कोणाचा अहंकार सोसायचा' एवढाच प्रश्न उरतो. परंतु तुम्हीच दिलेली माहिती वेगळ्या क्रमाने मांडून पाहा. जुने उत्पादन आजचा पगार देते. नव्या प्लॅटफॉर्मकडून उद्याच्या पगाराची अपेक्षा आहे. दोघांना मिळून माणसे मात्र एकाच उत्पादनाला पुरतील एवढी आहेत. ती कोणाला किती द्यायची, हे सर आणि बाई यांच्या वर जे बसले आहेत त्यांनी ठरवायला हवे होते; त्यांनी 'दोघे मिळून ठरवा' असे सांगून हात झटकलेले दिसतात. अशा जागी दोन संत बसवले असते तरी चार महिन्यांत त्यांचे बिनसले असते. न घेतलेल्या निर्णयाची किंमत खालचे लोक भांडणाच्या रूपाने चुकती करतात.

आणखी एक गोष्ट सांगते, राग मानू नका. पत्रभर तुम्ही एकाला 'सर' म्हटले आहे आणि दुसरीला 'नव्या बाई'. मी शीर्षकात आणि या उत्तरात तुमचेच शब्द मुद्दाम ठेवले आहेत. त्या कागदोपत्री तुमच्या थेट वरिष्ठ आहेत, दोन वर्षे झाली तरी 'नव्या' आहेत, आणि त्यांचे एकही चांगले काम तुमच्या तीन पानांत आलेले नाही. सरांची एकही चूक आलेली नाही. याचा अर्थ बाई बरोबर आहेत असा होत नाही, परंतु बाजू कोणाची घ्यावी हे विचारण्याआधीच तुम्ही ती घेऊन बसला आहात, हे तुम्हाला ठाऊक असलेले बरे. त्यांनाही ते जाणवले असणार, आणि गोपनीय टिपणे मागण्यामागे कदाचित तेच असेल. ज्या घरात आपल्याला कोणी काही सांगत नाही, त्या घरात माणूस कान लावून ऐकू लागतो.

बाजू घेण्याच्या उपयोगाविषयी आपल्याकडचेच एक ठळक उदाहरण आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये विशाल सिक्का इन्फोसिसचे मुख्य कार्यकारी झाले. संस्थापकांच्या बाहेरून त्या पदावर आलेले ते पहिलेच. २०२० सालापर्यंत २,००० कोटी डॉलर उत्पन्नाचे उद्दिष्ट त्यांनी ठेवले, फेब्रुवारी २०१५ मध्ये पनाया ही इस्रायली कंपनी २० कोटी डॉलरना घेतल्याचे जाहीर झाले, आणि पुढे कारभाराच्या पद्धतीवरून संस्थापक व संचालक मंडळ यांच्यातील मतभेद वर्तमानपत्रांतून सगळ्या देशाने वाचले. १८ ऑगस्ट २०१७ रोजी सिक्कांनी राजीनामा दिला, त्याच महिन्यात नंदन निलेकणी अध्यक्ष म्हणून परतले, पनाया प्रकरणात गैरव्यवहार आढळला नसल्याचा आधीचा निष्कर्ष नव्या मंडळानेही कायम ठेवला, आणि २०१९-२० या वर्षाचे उत्पन्न १,२८० कोटी डॉलरच्या आसपास राहिले. त्या दिवसांत नागपुरातल्या कितीतरी घरांत जेवताना हीच चर्चा असे. आमच्याकडेही दोन तट पडले होते. कंपनीत तेव्हा सुमारे दोन लाख माणसे होती. त्यांच्यापैकी मधल्या फळीतल्या कोणी संस्थापक नारायण मूर्तींची बाजू घेतली की सिक्कांची, याने निकालात तसूभरही फरक पडला नाही. निकाल संचालक मंडळात, भागधारकांत आणि बाजारात लागला. फरक पडला असेल तर त्या काळात आपापल्या ग्राहकाचे काम कोणी कसे सांभाळले, याने.

मग मधल्या माणसाच्या हाती काही नसते का? या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते इन्टेलच्या एका जुन्या प्रसंगात आहे, आणि तोही लोक अर्धाच सांगतात. १९८५ साली जपानी कंपन्यांपुढे इन्टेलचा मेमरी चिपचा धंदा बसत चालला होता, आणि ज्या वस्तूवर कंपनी उभी राहिली तीच सोडायची तर मनाची तयारी होत नव्हती. आपल्याला काढून नवा माणूस आणला तर तो काय करील, असे कंपनीतील वरिष्ठ अधिकारी अँडी ग्रोव्ह यांनी मुख्य कार्यकारी गॉर्डन मूर यांना विचारले. मेमरीतून बाहेर पडेल, असे मूर म्हणाले. मग ते आपणच का करू नये, असे ठरले. एवढा भाग प्रसिद्ध आहे. पुढे स्टॅनफर्डमधील रॉबर्ट बर्गलमन यांनी अभ्यास केला तेव्हा दिसले की, वरचे लोक मेमरीचा धंदा हाच आपला प्राण असे म्हणत होते त्या काळात कारखान्यातील उत्पादनाचे नियोजन करणारी मधली मंडळी एका साध्या नियमाने चालत होती: सिलिकॉनच्या प्रत्येक चकतीवर जास्त नफा ज्या मालातून मिळतो, त्याला जास्त क्षमता द्यायची. त्या नियमाने महिन्यामागून महिने क्षमता मेमरीकडून मायक्रोप्रोसेसरकडे सरकत गेली. ग्रोव्ह आणि मूर यांचे ते संभाषण झाले तेव्हा कंपनी बरीचशी हललेली होती. कोणी बंड केले नाही, कोणी बाजू घेतली नाही; आकडा जसा होता तसा धरला आणि त्याप्रमाणे वागले. तुमच्याजवळही एक आकडा आहे: पाच महिन्यांत १४० पैकी २२. तो हिरव्या रंगाखाली झाकलेला आहे, आणि सर काय किंवा बाई काय, त्याच्याशिवायच भांडत आहेत.

परंतु त्या आकड्याकडेही जरा संशयाने पाहा. या वेगाने १४० ग्राहक हलवायला ३२ महिने लागतील, म्हणजे ठरल्याच्या जवळजवळ तिप्पट, हा तुमचा हिशेब गणिताने बरोबर आहे. पण पहिले २२ ग्राहक सोपे होते की अवघड? सोपे आधी घेतले असतील तर उरलेल्यांना याहून जास्त वेळ लागेल आणि तुमचा अंदाज भाबडा ठरेल. अवघड आधी घेतले असतील, किंवा पहिल्या तीन महिन्यांचा वेळ साधने तयार करण्यात गेला असेल, तर पुढचा वेग वाढेल आणि कदाचित बाईंचे म्हणणे तुमच्या समजुतीपेक्षा खरे निघेल. पत्रात याविषयी काही नाही. 'कंपनी चुकते आहे' असे ठामपणे म्हणणाऱ्या माणसाला हे ठाऊक असायला हवे.

'कंपनी चुकते आहे' या म्हणण्यात तीन वेगळ्या गोष्टी गुंतलेल्या आहेत, त्याही सोडवून घ्या. ग्राहकांना नव्या प्लॅटफॉर्मवर नेणे ही दिशा. मार्चअखेर ही गती. आणि नवे तयार होण्याआधीच जुन्याची माणसे काढून घेणे हा क्रम. दिशा चुकीची आहे असे तुमच्या पत्रातून मला तरी दिसले नाही. दहा वर्षांत जुने उत्पादन कोणी विकत घेणार नाही, असे तुम्हीच लिहिता. चूक बहुधा गतीत आहे आणि नक्कीच क्रमात आहे. क्रमाची चूक किती महाग पडते हे पुन्हा नोकियातच दिसते. स्टीफन इलॉप सप्टेंबर २०१० मध्ये बाहेरून प्रमुख म्हणून आले, फेब्रुवारी २०११ मध्ये सिंबियनऐवजी मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन प्रणाली धरण्याचे जाहीर झाले, आणि त्या प्रणालीवरचे पहिले फोन दुकानांत यायला त्या वर्षाचा जवळजवळ शेवट उजाडला. मधल्या महिन्यांत, जे जाणार असे कंपनीनेच सांगितले आहे ते कोणी का विकत घ्यावे, असा प्रश्न गिऱ्हाइकाला पडला. तुमच्या दोन मोठ्या ग्राहकांनाही हाच प्रश्न पडलेला दिसतो. हे असे सुटे केले म्हणजे तुमच्या ध्यानात येईल की, दिशेविषयी तुम्ही बाईंशी सहमत आहात आणि क्रमाविषयी सरांशी. बाजू घेण्याची भाषा इथेच लंगडी पडते.

सरांविषयी. त्यांच्यामुळे तुम्ही नागपूरला येऊ शकलात, वडिलांचे डायलिसिस आठवड्यातून दोनदा स्वतः नेऊन करवू शकता, हे ऋण खरे आहे आणि ते विसरा असे मी म्हणणार नाही. ते फेडण्याचे मार्ग वैयक्तिक आहेत: त्यांच्या अडचणीत धावून जा, त्यांच्या माघारी त्यांच्याविषयी बोलताना जीभ सांभाळा. रात्री दहानंतर दुसऱ्या विभागातील बातम्या पुरवणे हा ते फेडण्याचा मार्ग नव्हे. सरांनीही तो मागायला नको होता; पदावरून उतरण्याची चाहूल लागली की चांगली माणसेही असे काही मागून बसतात.

थोडे माझे सांगते. हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्यात मी पंचवीस वर्षे उत्पादन नियोजन पाहिले. एका वर्षी तिथल्या दोन संचालकांमध्ये नव्या यंत्रसामग्रीवरून वाद पेटला आणि दोघेही माझ्याकडून तक्ते मागवू लागले. मी दोघांना दोन तक्ते दिले. दोन्हींतला प्रत्येक आकडा खरा होता. एकाच्या तक्त्यात दुरुस्तीचा खर्च नव्हता आणि दुसऱ्याच्या तक्त्यात कर्जाचे व्याज नव्हते. कोणाला काय ऐकायला आवडेल हे मला बरोबर ठाऊक होते. आठ महिने ते दोघे माझ्याच दोन कागदांच्या आधारे एकमेकांना खोटे ठरवत राहिले. यंत्रे आली, चुकीची आली, आणि मला कोणी एका शब्दानेही दोष दिला नाही. ती गोष्ट मला आजही टोचते.

अशा वेळी कंपनीत शेवटी काय होते, ते नागपूरकराला समजावून सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, इडा-पिडा घेऊन जा गे मारबत, अशा आरोळ्या होतात आणि तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. वर्षभराची मरगळ एका दिवसात बाहेर काढण्याचा हा उत्सव मला लहानपणापासून आवडतो. पण मारबत जाळून रोगराई गेली असे मानून नगरपालिकेने नाल्या साफ करणे सोडले, असे कधी झाले नाही. कंपन्या मात्र तसे करतात. ह्युलेट-पॅकार्ड या अमेरिकी संगणक कंपनीने फेब्रुवारी २००५ मध्ये प्रमुख कार्ली फिओरिना यांना घालवले, ऑगस्ट २०१० मध्ये मार्क हर्ड गेले, सप्टेंबर २०११ मध्ये लिओ अपोथेकर गेले. सात वर्षांच्या आत तीन प्रमुख, कारणे वेगवेगळी. अपोथेकर यांच्या काळात मंजूर झालेली, ऑटोनॉमी या ब्रिटिश सॉफ्टवेअर कंपनीची सुमारे १,१०० कोटी डॉलरची खरेदी त्यांच्यानंतर पूर्ण झाली आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये कंपनीने तिच्यापोटी ८८० कोटी डॉलर बुडीत दाखवले. खरेदीला संमती देणारे आणि अपोथेकर यांना घालवणारे संचालक मंडळ मात्र एकच होते. तुमच्याकडेही मार्चनंतर सरांची किंवा बाईंची मारबत निघेल, आणि तेव्हा सगळ्यांच्या हातात तुमचे हिरवे तक्ते असतील. बाईंनी मागितलेली गोपनीय टिपणे म्हणजे त्या मारबतीसाठी आणलेले बांबू आणि कागद आहेत, एवढे ध्यानात असू द्या.

आता करायचे काय. एकच कागद तयार करा, एका पानाचा, आणि तोच दोघांना एकाच ईमेलने पाठवा. त्यात किती ग्राहक हलले आणि किती राहिले, पहिले २२ कोणत्या प्रकारचे होते, त्यावरून पुढचा अंदाज किती ते किती महिन्यांचा, ते दोन मोठे ग्राहक नेमके कशाने नाराज आहेत आणि त्यांचे करार कधी संपतात, एवढे मांडा. अंदाज एका आकड्यात न देता कमीत कमी आणि जास्तीत जास्त असा द्या, आणि आपला अंदाज चुकण्याची शक्यता कुठे आहे तेही लिहा. त्याने तुमचे वजन कमी न होता वाढते. शेवटी निवडण्याजोगे दोन-तीन मार्ग सुचवा: मुदत वाढवणे, मोठे ग्राहक सर्वांत शेवटी हलवणे, जुन्या उत्पादनाकडे सहा-आठ माणसे काही काळ परत देणे. यापैकी काय करायचे हे कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत ठरवावे, हे वाक्य त्या कागदात नसेल तर बाकी सगळे वाया जाईल. अहंकार, अडवणूक, राजकारण यांपैकी एकही शब्द त्यात येता कामा नये.

पाठवण्याआधी दोघांनाही फोन करा, कारण आपल्या लोकांना कागदावरून अचानक कळलेली वाईट बातमी अपमानासारखी लागते. बाईंना म्हणा, "मॅडम, अडचणींची यादी मी जरूर देतो; मात्र सरांसमोरही ठेवता येईल अशीच देईन. आणि आजवर मी हिरवा दाखवलेला रकाना या गुरुवारी लाल करतो आहे. तो आधीच पिवळा करायला हवा होता, ही माझी चूक." चूक एका वाक्यात मान्य करा आणि पुढे जा; सबबी दिल्या की समोरच्याला त्याच आठवणीत राहतात. सरांना म्हणा, "सर, आकडे तुम्हाला आधी कळावेत म्हणून फोन केला. यापुढे मी जे काही सांगेन ते तुम्हा दोघांनाही सांगेन." सर दुखावतील. काही दिवस फोन येणार नाही. पत्नीला 'घेऊन टाका' असे जे वाटते, त्यामागे पुण्याच्या पगारापेक्षा रात्री अकरा वाजता बाल्कनीत येरझारा घालणारा नवरा असावा अशी मला शंका आहे, तेव्हा घरात या शांततेचे स्वागतच होईल.

तुमच्या हाताखालच्या ६० जणांना दोन्ही वरिष्ठांचे किस्से सांगू नका. रकाना लाल होणार आहे, तो त्यांच्या कामामुळे झालेला नाही आणि अंदाजाची जबाबदारी तुमची आहे, एवढे मात्र कॉलच्या आधी त्यांना तुमच्या तोंडून कळले पाहिजे. स्वतःसाठी तारीखवार नोंदवही ठेवा, पण कंपनीची कागदपत्रे घरच्या ईमेलवर पाठवण्याचा मोह टाळा. नेमक्या त्याच एका गोष्टीवरून उद्या तुम्हाला दोषी ठरवता येईल.

तुमच्यासारख्या जागी असलेल्या इतरांनी एक फरक ओळखावा. चुकीचे धोरण हा गुन्हा नाही. त्यासाठी तक्रार-पेटी नसते, कागद आणि संभाषण असते. परंतु काम पूर्ण झाले नसताना ते झाले असे दाखवून ग्राहकाकडून पैसे घेतले जात असतील, तर ती धोरणाची बाब उरत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ प्रमाणे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना अशा तक्रारींसाठी संरक्षण देणारी यंत्रणा ठेवावी लागते, तिचा वापर करावा, आणि त्याआधी वकिलाशी बोलावे. तुमच्या तक्त्यातील हिरवा रंग फक्त अंतर्गत आहे, की त्यावर ग्राहकाचे बिल निघते, हे आजच तपासा. बिल निघत असेल तर वर लिहिलेले सगळे बाजूला ठेवून आधी तेवढे थांबवा.

ज्यांचे पद तुमच्याहून लहान आहे, नोकरीला दोन वर्षे झाली आहेत, त्यांनी एकट्याने असा कागद पाठवण्याचे धाडस करावे असे मी म्हणणार नाही. त्यांनी आपल्या वरिष्ठाला आकडा लेखी द्यावा आणि आपल्या हातचा रकाना खरा भरावा.

राहिले पुणे. निघून जाणे हा पळपुटेपणा आहे असे मी मानत नाही. ज्या ठिकाणी खरा आकडा सांगण्याची शिक्षा होते तिथून जावेच. पण तसे होते की नाही हे तुम्हाला अजून ठाऊकच नाही, कारण तुम्ही तो सांगून पाहिलेला नाही. शिवाय पुण्याला गेल्यावर डायलिसिसला वडिलांना कोण नेणार, हे पत्रात कुठेही आलेले नाही, आणि ज्या कारणासाठी तुम्ही सहा वर्षांपूर्वी आलात ते कारण अजून संपलेले नाही. पत्नीशी या एका गोष्टीवर आधी बोला, पगारावर नंतर.

२० तारखेच्या आत तुमचे दोन गुरुवार येतात. पहिल्या गुरुवारी कॉलच्या आधी कागद पाठवा आणि रकाना लाल करा. मग एक आठवडा काही न करता फक्त पाहा: कागद वाचून आकड्याविषयी प्रश्न कोण विचारते, आणि तो दुसऱ्याला का पाठवला असे कोण विचारते. दुसऱ्या गुरुवारचा कॉल संपला की पुण्याला फोन करा.